विमानतळ ते वंडरला : रुळांवरची वाट

बेंगळुरूला नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मुला-मुलींकडे जाणारे आईवडील, एल.एफ.सी. घेऊन दक्षिणेच्या सहलीवर निघालेले बँक कर्मचारी आणि दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुटीत नातवंडांचा हट्ट पुरवणारे आजी-आजोबा या साऱ्यांच्या प्रवासात एक नाव हमखास निघते, ते म्हणजे वंडरला. म्हैसूर रस्त्यावर बिडदीजवळ २००५ साली सुरू झालेले हे मनोरंजन उद्यान सुमारे ८२ एकरांवर पसरलेले आहे. मुलांच्या लेखी बेंगळुरू शहर म्हणजे वंडरला. लालबाग, विधानसौध आणि विज्ञान संग्रहालय त्यानंतर.

अडचण अशी, की विमानतळ शहराच्या उत्तरेला देवनहळ्ळीच्या बाजूस आणि उद्यान नैर्ऋत्येला. मध्ये सारे बेंगळुरू शहर. हे अंतर रस्त्याने साठ-सत्तर किलोमीटर भरते. टॅक्सीचे भाडे सहज दीड-दोन हजारांच्या घरात जाते, शिवाय पथकर निराळा. वाहतुकीची कोंडी झाली तर किती वेळ लागेल याचा अंदाज खुद्द बेंगळुरूकरही देत नाहीत. अशा वेळी एक साधा प्रश्न विचारण्याजोगा आहे. विमानतळाजवळून लोहमार्ग जातो, बिडदीलाही रेल्वे स्थानक आहे, मग हा प्रवास रेल्वेने का करू नये?

उत्तर असे, की करता येतो. तो स्वस्त आहे आणि चौकस प्रवाशाला भरपूर काही दाखवणाराही आहे. मात्र त्याचे वेळापत्रक प्रवाशाच्या सोयीने चालत नाही, प्रवाशाला वेळापत्रकाच्या सोयीने चालावे लागते. ही अट मान्य असेल त्यांनीच पुढे वाचावे, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु ज्यांना ती मान्य नाही त्यांनाही ती तशी का आहे हे कळणे उपयोगाचे ठरेल.

विमानतळाचा हॉल्ट

येलहंक्याहून देवनहळ्ळी, चिक्कबळ्ळापूरकडे जाणारा लोहमार्ग विमानतळाहून कितीतरी जुना आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, म्हैसूर संस्थानच्या काळात, या भागात अरुंद मापाची म्हणजे नॅरो गेजची छोटी गाडी आली. दोड्डजाला, देवनहळ्ळी, आवतिहळ्ळी, नंदी हॉल्ट ही त्या काळातील छोटेखानी स्थानके आजही या मार्गावर आहेत. त्याच दशकात संस्थानचे दिवाण होते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. त्यांचे जन्मगाव मुद्देनहळ्ळी याच चिक्कबळ्ळापूर परिसरातले. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात स्थापत्याचे शिक्षण घेऊन मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात त्यांनी नोकरी केली. खडकवासल्याच्या धरणावर १९०३ मध्ये बसवलेली स्वयंचलित दारे ही त्यांचीच कल्पना. बँकेच्या वाचकांना आणखी एक धागा जवळचा वाटेल. त्यांच्या पुढाकाराने १९१३ मध्ये बँक ऑफ म्हैसूर स्थापन झाली. तीच पुढे स्टेट बँक ऑफ म्हैसूर झाली आणि १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली.

नॅरो गेजचे पुढे ब्रॉड गेज झाले. विमानतळ २४ मे २००८ रोजी प्रवाशांसाठी खुला झाला, तेव्हा मात्र त्याच्याजवळून धावणारी गाडी तेथे थांबत नव्हती. ती थांबू लागायला जानेवारी २०२१ उजाडावा लागला. विमानतळाच्या हद्दीजवळ एक छोटा थांबा बांधण्यात आला आणि त्याला 'केंपेगौडा आंतरराष्ट्रीय विमानतळ हॉल्ट' हे नाव मिळाले. नाव भारदस्त, जागा साधी: एक फलाट, थोडी सावली, तिकिटाची खिडकी.

'हॉल्ट' आणि 'स्थानक' यांतील भेद येथे समजून घेतला पाहिजे, कारण पुढची सारी गुंतागुंत त्यातून निर्माण होते. स्थानकात मुख्य रुळांखेरीज बाजूचा एखादा तरी रूळ असतो, सिग्नल असतात. तेथे एक गाडी बाजूला उभी करून दुसरीला वाट देता येते. हॉल्टवर यांपैकी काही नसते. गाडी येते, मिनिट-दोन मिनिटे थांबते, निघून जाते. त्यात येलहंका ते चिक्कबळ्ळापूर हा मार्ग एकेरी. समोरून गाडी येत असेल तर या बाजूच्या गाडीला आधीच्या किंवा पुढच्या स्थानकात तिची वाट पाहत थांबावे लागते. रेल्वेच्या भाषेत याला 'क्रॉसिंग' म्हणतात. कोकण रेल्वेने प्रवास करणाऱ्या मराठी माणसाला हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. एकेरी मार्गावर फेऱ्या वाढवायच्या तर क्रॉसिंगही वाढते, क्रॉसिंग वाढले की प्रत्येक गाडीचा वेळ वाढतो. त्यामुळे विमानतळाला गाडी मिळाली खरी, पण दर पंधरा मिनिटांनी नव्हे. दिवसातून मोजक्याच वेळा.

आणखी एक बाब. या फेऱ्या सुरुवातीपासून रविवार वगळून आखल्या गेल्या. सहलीला निघालेल्या कुटुंबाच्या दृष्टीने हे विचित्र वाटते. परंतु गाड्या कोणासाठी सोडल्या हे पाहिले म्हणजे त्यामागचे कारण उमगते. विमानतळावर हजारो माणसे नोकरी करतात. सामान वाहणारे, स्वच्छता करणारे, सुरक्षा रक्षक, उपाहारगृहांतील आणि दुकानांतील कर्मचारी यांना रोजच्या टॅक्सीचा खर्च परवडणारा नाही. सकाळी शहरातून विमानतळाकडे आणि संध्याकाळी उलट दिशेने, अशी त्यांची ये-जा. पर्यटक या गाडीत पाहुणा आहे, आणि पाहुण्याने यजमानाच्या जेवणाच्या वेळा सांभाळाव्यात हे रीतीला धरूनच झाले.

टर्मिनलपासून हा थांबा पायी जाण्याच्या अंतरावर नाही, काही किलोमीटर दूर आहे. गाड्यांच्या वेळेनुसार विमानतळाची फेरी-बस ठेवण्यात आली होती. उतरल्यावर प्रथम मदत कक्षात जाऊन त्या दिवशीच्या बसची वेळ विचारावी. विमानाला अर्धा तास उशीर झाला तर नेमकी गाडी चुकते आणि पुढची दोन-तीन तासांनी असते. सामान पट्ट्यावर येण्याची वाट पाहणाऱ्याने हा हिशेब मनात ठेवलेला बरा. ज्यांच्याजवळ केवळ हातातील पिशव्या आहेत, त्यांची बाजू येथे पुष्कळ वरचढ असते.

थांब्याकडे जाण्यापूर्वी मिळालेला वेळ विमानतळाच्या आवारातच एका ठिकाणी सत्कारणी लागू शकतो. बेंगळुरूचे संस्थापक केंपेगौडा यांचा १०८ फूट उंचीचा ब्राँझचा पुतळा तेथे उभा आहे. तो घडवणारे शिल्पकार राम सुतार हे मूळचे धुळे जिल्ह्यातील गोंदूरचे. ११ नोव्हेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते या पुतळ्याचे अनावरण झाले. त्याच दिवशी विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलचे उद्घाटन झाले आणि त्याच दिवशी चेन्नई–म्हैसूर वंदे भारत एक्स्प्रेसही सुरू झाली. ही शेवटची नोंद लक्षात राहू द्यावी. बिडदीला पोहोचल्यावर तिचा संदर्भ पुन्हा येईल.

शहराच्या पोटातून

विमानतळ हॉल्टवर येणारी गाडी ही बहुधा मेमू असते. पूर्वी येथे डिझेलवर चालणाऱ्या डेमू गाड्या होत्या, विद्युतीकरणानंतर मेमू आल्या. या गाडीला वेगळे इंजिन नसते. काही डब्यांतच मोटार बसवलेली असते, दोन्ही टोकांना चालकाची जागा असते, त्यामुळे शेवटच्या स्थानकावर इंजिन फिरवण्यात वेळ जात नाही. वारंवार थांबून पुन्हा झटकन वेग घेण्यासाठी ही रचना सोयीची. आरक्षण नाही, वातानुकूलन नाही. दार उघडे, वारा भरपूर.

दोड्डजाला मागे पडते. द्राक्षांचे मळे, नीलगिरीची झाडे आणि त्यांच्यामधून वर आलेल्या नव्या इमारती दिसत राहतात. येलहंका येथे मार्ग रुंदावतो आणि येथेच प्रवाशाने सावध राहावे. येलहंक्यापासून पुढे गाड्यांना दोन वाटा आहेत. एक लोट्टेगोळ्ळहळ्ळीवरून यशवंतपूर, मल्लेश्वरम करीत क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा म्हणजे केएसआर या मुख्य स्थानकात जाते. दुसरी हेब्बाळ, बाणसवाडीच्या बाजूने शहराच्या पूर्वेकडे वळते. बिडदीला जायचे असेल तर पहिली वाट सोयीची. गाडीच्या नावाची पाटी न वाचता केवळ 'बेंगळुरूला जाते ना?' एवढे विचारून बसलेला प्रवासी कॅन्टोन्मेंट किंवा बैयप्पनहळ्ळीकडे पोहोचू शकतो. प्रश्न विचारताना 'मॅजेस्टिकला जाते का?' असे विचारावे. केएसआर स्थानकासमोरील या भागाचे हे नाव शहरातील प्रत्येकाला ठाऊक असते.

यशवंतपूरनंतरचे मल्लेश्वरम हे स्थानक लहान. परंतु मराठी प्रवाशाने खिडकीतून जरा डोकवावे असे. या भागाला नाव मिळाले ते काडु मल्लेश्वराच्या मंदिरावरून, आणि या देवस्थानाला दिलेल्या इनामाचा १६६९ चा शिलालेख शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांच्या नावाचा आहे. त्याआधी १६३८ मध्ये आदिलशाही फौजेने बेंगळुरू जिंकल्यावर हे शहर जहागीर म्हणून शहाजीराजांकडे आले होते. कोलार, होसकोटे, दोड्डबळ्ळापूर हा मुलूखही त्याच जहागिरीत मोडत असे. पुढे मोगलांनी शहर घेतले आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांना ते तीन लाख रुपयांना दिले असे इतिहासकार नमूद करतात. तीन लाखांत आज त्याच शहरात मोटार उभी करण्यापुरती जागाही येणार नाही!

विमानतळ हॉल्टपासून केएसआरपर्यंत तास-सव्वा तास धरावा. स्थानकाचे हे नाव ज्यांच्यावरून पडले ते संगोळ्ळी रायण्णा हे कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे शूर सहकारी. इंग्रजांनी १८३१ मध्ये त्यांना खानापूर तालुक्यातील नंदगड येथे फाशी दिले. बेळगाव परिसरातील आपल्या ग्राहकांना हे नाव परके नाही. मिरजेकडून येणारी राणी चन्नम्मा एक्स्प्रेस आणि मुंबई, पुणे, सोलापूरहून येणारी उद्यान एक्स्प्रेस या दोन्ही गाड्या याच स्थानकात येतात. या गाड्यांनी आलेल्यांना विमानतळाकडचा हा सारा पूर्वार्ध लागूच होत नाही. त्यांनी सामान स्थानकाच्या क्लोकरूममध्ये ठेवावे. बॅगेला कुलूप असल्याशिवाय ती स्वीकारत नाहीत, हा नियम जुना असला तरी दरवेळी कोणीतरी तेथे कुलूप शोधत उभा असतोच.

बिडदीकडे

बेंगळुरू–म्हैसूर हा लोहमार्ग एकोणिसाव्या शतकातला. १८७६ ते १८७८ या काळातील दुष्काळाने दख्खनप्रमाणेच म्हैसूर राज्यही होरपळले होते. धान्य वाहून नेण्याची साधने नसल्याने किती माणसे दगावली, हे तेव्हा सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. त्यानंतरच्या वर्षांत या मार्गाचे काम झपाट्याने झाले आणि १८८२ मध्ये गाडी म्हैसूरपर्यंत पोहोचली. तेव्हा मीटर गेज असलेला हा मार्ग आज ब्रॉड गेज, दुहेरी आणि विद्युतीकृत आहे. उत्तरेच्या एकेरी मार्गाहून याची तऱ्हा वेगळी आहे ती यामुळेच. येथे गाड्या पुष्कळ आहेत.

मात्र त्यांपैकी बिडदीला थांबणाऱ्या कोणत्या, हे पाहणे आवश्यक. वर उल्लेखिलेली वंदे भारत आणि शताब्दी या गाड्या बिडदीवरून वेगाने निघून जातात. म्हैसूरकडे जाणारी पॅसेंजर किंवा मेमू येथे उपयोगाची. नायंडहळ्ळी, ज्ञानभारती, केंगेरी, हेज्जाला आणि मग बिडदी, असा क्रम आहे. अंतर सुमारे ३० किलोमीटर, वेळ पाऊण तासाच्या आसपास. उद्यानाचा पत्ता हेज्जाला टपालाचा असल्याने काही जण हेज्जालालाच उतरतात. परंतु ते फार लहान स्थानक आहे आणि बाहेर रिक्षा मिळेलच असे नाही. बिडदीला उतरणे अधिक शहाणपणाचे. तेथून उद्यानापर्यंतचे उरलेले काही किलोमीटर रिक्षाने जावे लागतात. भाडे बसण्यापूर्वी ठरवून घ्यावे.

बिडदीला उतरलेल्याने लगेच रिक्षा गाठू नये, असेही एक मत आहे आणि ते विचारात घेण्याजोगे आहे. हे गाव 'तट्टे इडली'साठी ओळखले जाते. तट्टे म्हणजे ताट. बशीएवढी पसरट, मऊ इडली, वर लोण्याचा गोळा आणि शेजारी चटणी. सकाळी विमानात दिलेल्या थंड सँडविचवर दिवस काढणाऱ्या कुटुंबाला ही इडली उद्यानातल्या कोणत्याही पाळण्याइतकाच आनंद देऊन जाते.

उद्यानाबद्दल थोडक्यात. केरळमधील उद्योजक कोचौसेफ चिट्टिलप्पिळ्ळी यांनी २००० साली कोचीजवळ पहिले उद्यान उभारले, बेंगळुरूचे त्यानंतरचे. जमिनीवरचे पाळणे आणि पाण्यातील खेळ असे दोन्ही प्रकार येथे आहेत. मुलांचे तिकीट वयावर नव्हे तर उंचीवर ठरते. त्यामुळे 'अजून पाचवीत आहे हो' या युक्तिवादाचा काही उपयोग होत नाही. पाण्याच्या खेळांसाठी नायलॉनचे किंवा तत्सम कृत्रिम धाग्याचे कपडेच लागतात, सुती कपडे चालत नाहीत. आधी माहीत नसेल तर तेथे विकत घ्यावे लागतात. मोठ्या बॅगा घेऊन थेट विमानतळावरून उद्यानात जाणे टाळलेलेच बरे.

पैशांचा हिशेब

अनारक्षित साध्या गाडीचे किमान भाडे दहा रुपये आहे. कोरोनाच्या महासाथीत याच गाड्यांना एक्स्प्रेसचे भाडे लागू झाल्याने ते तीस रुपये झाले होते, फेब्रुवारी २०२४ पासून ते पूर्ववत आले. विमानतळ हॉल्ट ते बिडदी हे दोन्ही टप्पे मिळून माणशी तीस रुपयांच्या आत होतात. बिडदीची रिक्षा धरूनही चौघांच्या कुटुंबाचा खर्च टॅक्सीच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यात आटोपतो. वाचलेल्या पैशांत उद्यानाचे एखादे तिकीट निघू शकते.

तिकीट काढण्यासाठी खिडकीसमोर रांगेत उभे राहण्याची गरज उरलेली नाही. पूर्वीचे यूटीएस आणि आताचे 'रेलवन' हे रेल्वेचे मोबाइल ॲप यासाठी आहे. रेलवन १ जुलै २०२५ रोजी सुरू झाले. यूपीआय किंवा रेल्वेच्या स्वतःच्या वॉलेटमधून पैसे देता येतात. एक बारकावा मात्र पुष्कळांना फलाटावर पोहोचल्यावर कळतो: कागदाविना मोबाइलवरचे तिकीट स्थानकाच्या आवारात उभे राहून काढता येत नाही. गाडीत बसून किंवा तपासनीस समोर दिसल्यावर तिकीट काढण्याची सोय असू नये, हा त्यामागील हेतू. स्थानकात लावलेला क्यूआर कोड स्कॅन करून काढण्याची वेगळी पद्धत आहे. नाहीतर टर्मिनलवरून निघण्यापूर्वीच तिकीट काढून ठेवावे.

केएसआरवरून पुढे रेल्वेऐवजी मेट्रोही घेता येते, आणि पॅसेंजरला तास-दीड तास अवकाश असेल तर ती घ्यावीच. नम्म मेट्रोची जांभळी मार्गिका ऑगस्ट २०२१ मध्ये केंगेरीपर्यंत गेली आणि ९ ऑक्टोबर २०२३ पासून ती व्हाइटफील्ड ते चल्लघट्टा अशी पूर्ण ४३ किलोमीटर धावू लागली. चल्लघट्ट्याहून उद्यानापर्यंत दहा-बारा किलोमीटरच उरतात. केंगेरीला उतरल्यास बसचा पर्यायही मिळतो.

मेट्रोसाठी ज्या कार्डाचा उपयोग होतो त्याबद्दल बँकेच्या ग्राहकांनी थोडे अधिक जाणून घ्यावे. 'नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड' ही योजना ४ मार्च २०१९ रोजी जाहीर झाली. रुपे प्रणालीवरील हे कार्ड बँका देतात आणि २०२३ पासून ते बेंगळुरूच्या मेट्रोतही चालते. मुंबई, पुणे, नागपूर येथे मेट्रोसाठी असे कार्ड घेतले असेल तर ते बेंगळुरूला टाकाऊ होत नाही, हाच या योजनेचा गाभा. दाराशी कार्ड टेकवल्याबरोबर दार उघडते. एवढ्या क्षणात बँकेच्या संगणकाशी संपर्क साधून खात्यातून पैसे वळते करणे शक्य नसते. म्हणून कार्डाच्या चिपमध्येच थोडी रक्कम आधी भरून ठेवलेली असते आणि भाडे त्यातून वजा होते. या रकमेची मर्यादा दोन हजार रुपये आहे. ती खर्चताना पिन विचारला जात नाही. कार्ड हरवल्यास खात्यातील पैसे बँकेला कळवून सुरक्षित करता येतात, चिपमधील रक्कम मात्र खिशातल्या नोटांप्रमाणे गेलेली समजावी. सबब, दोन दिवसांच्या सहलीला लागेल तेवढीच रक्कम तीत भरणे इष्ट.

परतीची गोष्ट निराळी

जाताना रेल्वे योग्य वाटली तरी येताना तिच्यावर विसंबून राहू नये. उद्यान संध्याकाळी बंद होते. तेथून बिडदी, बिडदीहून केएसआर आणि मग उत्तरेची गाडी, असे तीन टप्पे रात्रीपूर्वी जुळून यावे लागतात. त्यांत शेवटचा टप्पा सर्वांत कच्चा आहे, कारण संध्याकाळनंतर विमानतळ हॉल्टकडे जाणाऱ्या फेऱ्या विरळ होतात. जाताना गाडी चुकली तर एखादा पाळणा कमी होतो. येताना चुकली तर विमान चुकते, आणि चौघांची ऐनवेळची तिकिटे हा महिन्याच्या जमाखर्चाला खिंडार पाडणारा खर्च असतो. रात्रीचे विमान असेल तर केएसआरपर्यंत रेल्वेने किंवा मेट्रोने यावे आणि समोरच्या केंपेगौडा बस स्थानकातून महानगर परिवहनची वायुवज्र बस धरावी. ती रात्रंदिवस सुटते. रस्त्याच्या कोंडीसाठी तास-दीड तास जादा ठेवावाच.

इतरत्र काय आहे?

बेंगळुरूचे उद्यान सुरू झाले त्याच वर्षी, सप्टेंबर २००५ मध्ये, हाँगकाँगचे डिस्नेलँड उघडले. तेथे उद्यान उघडण्याच्या महिनाभर आधी साडेतीन किलोमीटरची स्वतंत्र रेल्वे मार्गिका सुरू झाली होती. तिच्या डब्यांच्या खिडक्या मिकी माऊसच्या आकाराच्या आहेत. विमानतळावरून तेथे जाताना गाडी बदलावी लागते, पण पुढची गाडी काही मिनिटांत येते. पॅरिसमध्ये तर चार्ल्स द गॉल विमानतळाच्या खाली अतिवेगवान टीजीव्हीचे स्थानक आहे आणि त्या गाडीने डिस्नेलँडच्या दाराशी असलेले स्थानक साधारण दहा मिनिटांत येते. दोन्ही ठिकाणी उद्यान, विमानतळ आणि लोहमार्ग यांचा विचार एकत्र झाला. बेंगळुरूत रूळ शंभर वर्षे आधी पडले, उद्यान एका उद्योजकाने जागा मिळाली तेथे उभारले, विमानतळ तिसऱ्याच यंत्रणेने बांधला. तिघांची गाठ पडावी अशी कोणाचीच योजना नव्हती.

आपल्याकडेही चित्र फारसे वेगळे नाही. गोराईचे एस्सेलवर्ल्ड ज्यांनी लहानपणी पाहिले त्यांना मालाडहून मार्वे आणि तेथून बोटीने खाडी ओलांडण्याची गंमत आठवत असेल. खोपोलीजवळ २०१३ मध्ये इमॅजिका उभे राहिले. मुंबईची लोकल खोपोलीपर्यंत जाते, तरीही तेथे जाणारे बहुसंख्य लोक द्रुतगती मार्गानेच जातात. विमानतळ आणि साधी रेल्वे यांची खरी सांगड पाहायची तर चेन्नईला जावे. तेथील तिरुसुलम हे उपनगरी स्थानक विमानतळासमोर, रस्त्याच्या पलीकडे आहे. थोडे चालले की फलाट, आणि लोकल वारंवार.

बेंगळुरूतही हे घडावे म्हणून दोन कामे मंजूर झालेली आहेत. पहिले मेट्रोच्या निळ्या मार्गिकेचे. सेंट्रल सिल्क बोर्डापासून के.आर. पुरमवरून विमानतळापर्यंत जाणाऱ्या सुमारे ५८ किलोमीटरच्या या मार्गाला केंद्र सरकारने एप्रिल २०२१ मध्ये मंजुरी दिली. दुसरे उपनगरी रेल्वेचे. ऑक्टोबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या १४८ किलोमीटरच्या या प्रकल्पाची पायाभरणी २० जून २०२२ रोजी झाली. त्यातील चार मार्गांना फुलांची नावे दिलेली आहेत: संपिगे म्हणजे सोनचाफा, मल्लिगे म्हणजे मोगरा, पारिजात, आणि कनक म्हणजे कनकांबर, आपली अबोली. केएसआरपासून विमानतळावरून देवनहळ्ळीपर्यंत जाणारा ४१ किलोमीटरचा मार्ग तो संपिगे. काम आधी हाती घेतले गेले ते मल्लिगे आणि कनक या मार्गांचे. ज्या विमानतळासाठी शहराने ही मागणी सर्वाधिक लावून धरली, त्याचा सोनचाफा मागे राहिला.

पारिजात हा मार्ग व्हाइटफील्डहून केएसआर करीत केंगेरीपर्यंत आखलेला आहे. दोन्ही मार्ग पूर्ण झाले म्हणजे विमानतळावर उतरलेले कुटुंब एकदाच गाडी बदलून केंगेरीला पोहोचू शकेल. तेथून बिडदी सतरा-अठरा किलोमीटर उरते. एवढ्या अंतरासाठी म्हैसूरची जुनी पॅसेंजर तेव्हाही लागेल.